पारटेक

पारटेक ही जर्मनीतील म्युनिक येथे मुख्यालय असलेली तंत्रज्ञान कंपनी आहे. महासंगणकांची प्रणाली-सॉफ्टवेअरे तयार करणे, त्यांच्या रचनेचे आराखडे बनवणे आणि उभ्या राहिलेल्या यंत्रणांची देखभाल करणे हे तिचे मुख्य काम आहे. कार्ल्सरूह विद्यापीठातील एका संशोधन प्रकल्पातून १९९९ मध्ये ही कंपनी स्थापन झाली. पॅरास्टेशन हा सॉफ्टवेअर-संच ही तिची ओळख असून, युलिश संशोधन केंद्रातील अनेक महासंगणक याच संचावर चालतात.

युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने चाललेल्या सहयोगी संशोधन प्रकल्पांमध्ये, विशेषतः डीप या प्रकल्पमालिकेमध्ये, पारटेकने सातत्याने भाग घेतला. या मालिकेतून पुढे आलेल्या मोड्युलर महासंगणन या रचनेवर युरोपातील पहिला एक्सास्केल महासंगणक ज्युपिटर उभारण्यात आला. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संशोधनात लहान खाजगी कंपनी काय करू शकते आणि अशा संशोधनाशी निगडित कल्पनांवर हक्क कोणाचा, या दोन्ही प्रश्नांच्या चर्चेत पारटेकचे उदाहरण महत्त्वाचे ठरते.

उगम

१९९०च्या दशकापर्यंत महासंगणक म्हणजे खास घडवलेले, अत्यंत महागडे यंत्र अशी स्थिती होती. १९९४ मध्ये अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे साधे संगणक जाळ्याने जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करून घेण्याचा प्रयोग केला. तो बेवूल्फ क्लस्टर या नावाने प्रसिद्ध झाला. अशा जोडणीला क्लस्टर, आणि तिच्यातील प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात.

याच सुमारास कार्ल्सरूह विद्यापीठात प्राध्यापक वाल्टर टिखी यांच्या गटातही त्याच दिशेने काम चालू होते. क्लस्टरमधील सर्वांत मोठी अडचण प्रोसेसरच्या वेगाची नसून नोडांमधील संवादाची असते. एका नोडाने केलेल्या आकडेमोडीचा निकाल दुसऱ्याकडे पोहोचेपर्यंत दुसरा नोड रिकामा बसून राहतो. नेहमीच्या कार्यप्रणालीतून संदेश पाठवल्यास तो अनेक थरांमधून जातो आणि त्यात मौल्यवान वेळ खर्च होतो. कार्ल्सरूहच्या गटाने हे थर टाळून उपयोजन-सॉफ्टवेअरला थेट जाळ्याच्या उपकरणाशी बोलू देणारी यंत्रणा तयार केली आणि तिला पॅरास्टेशन हे नाव दिले. आरंभीच्या आवृत्तीसाठी ट्रायटन या आधीच्या समांतर संगणकाच्या जाळ्यावर बेतलेले खास उपकरण वापरले गेले. पुढे मिरिनेट आणि त्यानंतर इन्फिनिबँड या बाजारात मिळणाऱ्या जाळ्यांसाठी ते सॉफ्टवेअर नव्याने लिहिले गेले. उपकरण सोडून सॉफ्टवेअर पुढे नेण्याचा हा निर्णय कंपनीच्या नंतरच्या साऱ्या वाटचालीला लागू पडतो.

पॅरास्टेशन

पॅरास्टेशन हा एकच प्रोग्रॅम नसून अनेक घटकांचा संच आहे. त्याचे तीन भाग मूलभूत मानले जातात. पहिला भाग म्हणजे संदेशवहनाचे ग्रंथालय. वेगवेगळ्या प्रकारच्या जाळ्यांवरून संदेश कसा पाठवायचा हे त्याला ठाऊक असते. दुसरा भाग म्हणजे एमपीआय या आंतरराष्ट्रीय मानकाची पारटेकने केलेली अंमलबजावणी. समांतर संगणनाचे बहुतेक वैज्ञानिक प्रोग्रॅम एमपीआयच्या आधारेच लिहिले जात असल्याने शास्त्रज्ञाचा संबंध मुख्यतः याच भागाशी येतो. तिसरा भाग प्रक्रिया-व्यवस्थापनाचा. प्रत्येक नोडावर एक छोटा सेवक-प्रोग्रॅम सतत चालू असतो. काम सुरू करणे, संपल्यावर नोड मोकळा करणे आणि एखादी प्रक्रिया मध्येच बंद पडल्यास तिचे अवशेष साफ करणे ही त्याची कामे होत.

हे शेवटचे काम दिसायला किरकोळ, पण हजारो नोडांच्या यंत्रात ते फार महत्त्वाचे ठरते. एका शास्त्रज्ञाचा बिघडलेला प्रोग्रॅम नोडावर तसाच चालू राहिला, तर त्या नोडावर नंतर येणाऱ्या दुसऱ्याच्या कामाचा वेग विनाकारण घटतो आणि कारण शोधायला दिवस जातात. युलिश येथील यंत्रांवर कामांचे वाटप करण्यासाठी स्लर्म हे सर्वत्र वापरले जाणारे सॉफ्टवेअर असले, तरी प्रत्येक नोडावरचा स्लर्मचा स्वतःचा सेवक काढून त्याजागी पॅरास्टेशनचा घटक बसवलेला आहे. नोडांच्या प्रकृतीची तपासणी करणारी साधनेही या संचात आहेत. संचाचे मूलभूत भाग मुक्त स्रोत परवान्याखाली उपलब्ध आहेत.

युलिशशी संबंध

नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातील युलिश येथे जर्मनीतील एक मोठे संशोधन केंद्र आहे. तेथील महासंगणन केंद्राचे संचालक भौतिकशास्त्रज्ञ थॉमस लिपर्ट यापूर्वी वुपर्टाल विद्यापीठात होते आणि तेथील क्लस्टरवर पॅरास्टेशन वापरले जात होते. त्यामुळे युलिशने क्लस्टरकडे वळायचे ठरवले तेव्हा हे सॉफ्टवेअर तेथे अपरिचित नव्हते.

२००९ मध्ये युलिश येथे जुरोपा हा महासंगणक सुरू झाला. बुल, सन, इंटेल, मेलानॉक्स या मोठ्या कंपन्यांसोबत पारटेक त्याच्या उभारणीत सहभागी होती. संमीलन-ऊर्जेच्या संशोधनासाठी राखलेल्या भागासह त्यात ३,२८८ नोड होते. जून २००९ च्या टॉप५०० यादीत त्याला दहावे स्थान मिळाले. संपूर्ण यंत्र एकाच विक्रेत्याकडून तयार न घेता केंद्राने स्वतः रचना ठरवायची, भाग निरनिराळ्या कंपन्यांकडून घ्यायचे आणि ते जोडून ठेवणारे सॉफ्टवेअर पारटेकने पुरवायचे, ही पद्धत येथे रूढ झाली. २०१० मध्ये इंटेल, पारटेक आणि युलिश केंद्र यांनी मिळून एक्साक्लस्टर प्रयोगशाळा स्थापन केली. या त्रयीतील सर्वांत लहान घटक पारटेक होता.

डीप प्रकल्प

२०१० च्या सुमारास जगातील सर्वांत वेगवान यंत्रे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या क्रिया करण्याच्या, म्हणजे पेटाफ्लॉपच्या, टप्प्यावर पोहोचली होती. पुढचे उद्दिष्ट त्याच्या हजारपट, म्हणजे एक्साफ्लॉपचे होते. जुन्याच पद्धतीने यंत्र वाढवत नेल्यास त्याला लागणारी वीज परवडणारी नव्हती. युरोपीय संघाच्या सातव्या चौकट कार्यक्रमाने या प्रश्नासाठी निधी उपलब्ध केला आणि २०११ मध्ये तीन प्रकल्प सुरू झाले. मोबाईल फोनमधील एआरएम प्रोसेसरवर आधारलेला माँ-ब्लाँ बार्सिलोनाच्या नेतृत्वाखाली होता, सॉफ्टवेअरवर भर देणारा क्रेस्टा एडिनबरोच्या, आणि डीप युलिशच्या.

डीपमध्ये आठ देशांतील सोळा भागीदार होते. युलिश केंद्र समन्वयक होते. इंटेल, मेलानॉक्स, इटलीची युरोटेक आणि भूगर्भ-सर्वेक्षण करणारी फ्रान्सची सीजीजी या कंपन्या, म्युनिकजवळचे लाइबनित्स केंद्र, बार्सिलोना महासंगणन केंद्र, हायडेलबर्ग व रेगेन्सबुर्ग ही विद्यापीठे, इटलीतील चिनेका आणि सायप्रस संस्था अशी ही विविध मंडळी होती. मेंदूचे प्रतिरूपण, अंतराळातील हवामान, पृथ्वीचे हवामान, ज्वलन, अतिसंवाहकता आणि भूकंपलहरींवरून भूगर्भाचे चित्रण अशी सहा वैज्ञानिक उपयोजने यंत्राची परीक्षा घेण्यासाठी निवडली होती.

प्रकल्पाची मध्यवर्ती कल्पना क्लस्टर-बूस्टर या नावाने ओळखली जाते. जीन अम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, प्रोग्रॅमचा जो भाग समांतर करता येत नाही तोच शेवटी एकूण वेगाची मर्यादा ठरवतो. प्रत्यक्षातील वैज्ञानिक प्रोग्रॅम मिश्र स्वरूपाचे असतात. त्यांचा काही भाग लाखो तुकड्यांत सहज वाटता येतो, तर काही भाग गुंतागुंतीचा असून त्याला थोडेच पण बलवान प्रोसेसर लागतात. त्या काळी रूढ झालेल्या रचनेत प्रत्येक नोडात एक सामान्य प्रोसेसर आणि त्याला कायमचा जोडलेला एक ॲक्सिलरेटर असे. ज्या कामाला ॲक्सिलरेटर नको, त्याच्या वेळी तो वाया जाई. ज्याला अधिक हवेत, त्याला ते मिळत नसत. डीपने ॲक्सिलरेटर नोडांतून बाहेर काढून त्यांचेच एक स्वतंत्र क्लस्टर बनवले आणि त्याला बूस्टर म्हटले. सामान्य प्रोसेसरचे क्लस्टर वेगळे राहिले. प्रोग्रॅमने गरजेप्रमाणे दोन्हीकडून हवे तितके नोड घ्यावेत, ही अपेक्षा होती.

कागदावर सोपी वाटणारी ही मांडणी प्रत्यक्षात आणणे कठीण होते. बूस्टरसाठी निवडलेला इंटेलचा झिऑन फाय हा ॲक्सिलरेटर त्या वेळी एका कार्डाच्या रूपात मिळे आणि सुरू होण्यासाठी त्याला यजमान प्रोसेसर लागे. डीपला तर यजमानाशिवाय चालणारा बूस्टर हवा होता. हायडेलबर्ग विद्यापीठातून निघालेल्या एक्स्टोल या जाळ्याच्या तंत्रज्ञानाने ही अडचण सोडवली, कारण त्यामुळे दूरच्या संपर्क-नोडावरून जाळ्यामार्फत ही कार्डे सुरू करता येऊ लागली. युरोटेकने उभारलेल्या, पाण्याने थंड ठेवल्या जाणाऱ्या बूस्टरमध्ये अशी ३८४ कार्डे आठ गुणिले सहा गुणिले आठ अशा त्रिमितीय जाळ्यात बसवलेली होती.

पारटेकची जबाबदारी या दोन जगांना जोडण्याची होती. क्लस्टरमध्ये इन्फिनिबँडचे जाळे होते आणि बूस्टरमध्ये एक्स्टोलचे. दोन्हींच्या संदेशांचे स्वरूप, पत्ते देण्याची रीत आणि त्रुटी हाताळण्याच्या पद्धती भिन्न होत्या. पॅरास्टेशनमध्ये एक्स्टोलसाठी नवा थर लिहिण्यात आला आणि संपर्क-नोडांवर संदेशांचे रूपांतर करून ते पुढे पाठवण्याची सोय करण्यात आली. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दोन्ही जाळी मिळून एकच एमपीआय दिसू लागले. क्लस्टरवर चालू असलेल्या प्रोग्रॅमने बूस्टरवर नवा प्रक्रियागट सुरू करण्यासाठी एमपीआय मानकात आधीपासून असलेलीच एक सोय वापरली गेली. ती सोय मानकात असूनही एरवी फारशी वापरात नव्हती. तिच्यावर बार्सिलोना केंद्राने ओम्पएसएस ही प्रोग्रॅमिंगची सोपी पद्धत रचली. तिच्यात कोणता भाग बूस्टरकडे पाठवायचा एवढेच प्रोग्रॅममध्ये नमूद करावे लागे.

नवी भाषा किंवा स्वतःचे खास मानक तयार न करता रूढ मानकाच्या चौकटीत काम करण्याचा हा निर्णय दूरदर्शी होता. भौतिकशास्त्रज्ञांनी दोन-दोन दशके लिहीत आणलेले प्रोग्रॅम एका प्रायोगिक यंत्रासाठी कोणी नव्याने लिहिले नसते.

डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प ऑगस्ट २०१५ पर्यंत चालला.

पुढील प्रकल्प

डीपचे काम चालू असतानाच २०१३ मध्ये डीप-ईआर हा दुसरा प्रकल्प सुरू झाला. त्याचा भर माहिती साठवण्याच्या वेगावर आणि यंत्रातील बिघाड सहन करण्याच्या क्षमतेवर होता. हजारो नोडांच्या यंत्रात एखादा नोड बंद पडणे ही नित्याची बाब असल्याने, कित्येक तास चाललेले काम त्यामुळे वाया जाऊ नये हा हेतू होता. ल्युवेन विद्यापीठाच्या अंतराळ-हवामानाच्या प्रोग्रॅमने येथे क्लस्टर-बूस्टर कल्पनेला ठोस पुरावा दिला. विद्युतचुंबकीय क्षेत्राची गणिते क्लस्टरवर आणि कणांची गणिते बूस्टरवर अशी वाटणी केल्यावर तो प्रोग्रॅम केवळ क्लस्टरवर चालवण्यापेक्षा २८ टक्के आणि केवळ बूस्टरवर चालवण्यापेक्षा २१ टक्के अधिक वेगाने चालल्याचे आढळले.

होरायझन २०२० या चौकट कार्यक्रमाखाली २०१७ मध्ये सुरू झालेल्या डीप-ईएसटी प्रकल्पाने दोनऐवजी अनेक भागांची कल्पना मांडली. माहितीचे विश्लेषण आणि यंत्र-शिक्षण यांसाठी तिसरा स्वतंत्र भाग जोडण्यात आला आणि या सर्वसाधारण रूपाला मोड्युलर महासंगणन हे नाव मिळाले. पॅरास्टेशनच्या त्यानुसार विस्तारलेल्या आवृत्तीला पॅरास्टेशन मोड्युलो म्हणतात. या तीन प्रकल्पांवर मिळून सुमारे ४.४ कोटी युरो खर्च झाले. त्यांपैकी सुमारे ३ कोटी युरो युरोपीय संघाने दिले. २०२१ ते २०२४ या काळात डीप-सी हा चौथा प्रकल्प सॉफ्टवेअरवर केंद्रित होता. पारटेक चारही प्रकल्पांत भागीदार होती. पुंज-संगणकांना महासंगणकांशी जोडण्याच्या एचपीसीक्यूएस या युरोपीय प्रकल्पातही तिने भाग घेतला.

या काळात प्रकल्पांच्या पायाखालची जमीन मात्र अनेकदा सरकली. झिऑन फायच्या पहिल्या पिढीची जागा यजमान न लागणाऱ्या दुसऱ्या पिढीने घेतली, आणि एक्स्टोलने परिश्रमाने सोडवलेला प्रश्नच नाहीसा झाला. नंतर इंटेलने झिऑन फायची संपूर्ण मालिका बंद केली. २०१९ मध्ये इंटेलने ऑम्नी-पाथ या स्वतःच्या जाळ्याचा पुढील विकासही थांबवला. डीप-ईएसटीपर्यंत बूस्टरमध्ये झिऑन फायऐवजी एनव्हिडिया कंपनीचे ग्राफिक्स प्रोसेसर आले होते. मालिकेच्या आरंभी ज्या उपकरणांवर भिस्त होती, त्यांपैकी फारच थोडी शेवटी शिल्लक राहिली. क्लस्टर-बूस्टरची कल्पना आणि तिला चालवणारे सॉफ्टवेअर मात्र टिकले. उपकरण बदलले की पॅरास्टेशनचा सर्वांत खालचा थर तेवढा बदलावा लागे. वरचे थर आणि शास्त्रज्ञांचे प्रोग्रॅम तसेच राहत. तीन-तीन, चार-चार वर्षांत संपणाऱ्या प्रकल्पांमध्ये सातत्य राखण्याचे काम एरवी कोणाकडेच सोपवलेले नसते. येथे ते युलिश केंद्र आणि पारटेक यांनी मिळून केले.

प्रायोगिक यंत्रांकडून प्रत्यक्ष महासंगणकांकडे

युलिशच्या जुरेका या महासंगणकाला २०१७ मध्ये १,६४० नोडांचा बूस्टर जोडण्यात आला. मूळ क्लस्टरचे जाळे इन्फिनिबँडचे आणि बूस्टरचे ऑम्नी-पाथचे होते. डीपमध्ये दोन भिन्न जाळी जोडण्यासाठी विकसित झालेली पद्धत येथे नेहमीच्या वापरातील यंत्रावर कामी आली.

त्यानंतरच्या ज्युवेल्स या यंत्राचे क्लस्टर २०१८ मध्ये आणि बूस्टर २०२० मध्ये कार्यान्वित झाले. ॲटॉस कंपनीने पुरवलेल्या आणि पारटेकच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या या बूस्टरमध्ये ९३६ नोड असून प्रत्येकात चार ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. नोव्हेंबर २०२० च्या टॉप५०० यादीत ४४ पेटाफ्लॉपच्या वेगासह ते सातव्या क्रमांकावर आणि युरोपात पहिल्या क्रमांकावर होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोएचपीसी या संयुक्त उपक्रमाने ज्युपिटर महासंगणक पुरवण्याचे कंत्राट ॲटॉसचा महासंगणन विभाग असलेल्या एव्हिडेन आणि पारटेक यांच्या संघाला दिले. कंत्राटाची रक्कम २७.३ कोटी युरो होती. पुण्यातील आयसर संस्थेतील परम ब्रह्म या महासंगणकासाठी सी-डॅकची भागीदार असलेली कंपनी हीच ॲटॉस होय. ज्युपिटरच्या बूस्टरमध्ये एनव्हिडियाच्या सुमारे २४,००० संयुक्त चिप आहेत. क्लस्टरसाठी सायपर्ल या युरोपीय कंपनीचा ऱ्हिया हा प्रोसेसर निवडण्यात आला. यंत्राचे व्यवस्थापन करणारा सॉफ्टवेअर-संच एव्हिडेनच्या साधनांची पॅरास्टेशन मोड्युलोशी सांगड घालून बनवलेला आहे. ५ सप्टेंबर २०२५ रोजी ज्युपिटरचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या यादीत त्याने एक एक्साफ्लॉपचा टप्पा गाठला. डीपच्या आरंभी एक्सास्केलचे जे लक्ष्य समोर ठेवले होते, ते गाठायला साधारण चौदा वर्षे लागली.

लहान कंपनी आणि सहयोगी प्रकल्प

युरोपीय संघाच्या व्याख्येनुसार २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि ५ कोटी युरोपर्यंत वार्षिक उलाढाल किंवा ४.३ कोटी युरोपर्यंतचा ताळेबंद असलेल्या उद्योगाला लघु व मध्यम उद्योग म्हणतात. सातव्या चौकट कार्यक्रमात मोठ्या कंपन्यांना संशोधनखर्चाच्या ५० टक्के, तर लघु व मध्यम उद्योगांना आणि विद्यापीठांना ७५ टक्के रक्कम मिळे. होरायझन २०२० मध्ये संशोधन प्रकल्पांसाठी हे प्रमाण सर्वांसाठी १०० टक्के करण्यात आले. पुढे युरोएचपीसीच्या संशोधन प्रकल्पांत निम्मा वाटा युरोपीय संघाचा आणि उरलेला सदस्य राष्ट्रांचा अशी रचना आली, आणि प्रत्येक देशाच्या निधीचे नियम निरनिराळे असल्याने हिशेब अधिक किचकट झाला.

तक्त्यातील या टक्केवारीवरून लहान कंपनीची खरी अडचण कळत नाही. अनुदान म्हणजे झालेल्या खर्चाची भरपाई. तिच्यात नफा नसतो. पगार दरमहा द्यावे लागतात, मात्र आगाऊ मिळालेली रक्कम संपल्यावर पुढचा हप्ता अहवाल मंजूर झाल्यानंतरच मिळतो. वेळपत्रके, लेखापरीक्षण आणि सोळा भागीदारांच्या बैठका यांत जाणारा वेळ मोठ्या संस्थेच्या प्रशासनाला जाणवत नाही. थोड्या अभियंत्यांच्या कंपनीला तो थेट कामातून काढावा लागतो. म्हणून अनेक लहान कंपन्या एखाद्या प्रकल्पानंतर पुन्हा अर्ज करत नाहीत. पारटेकची स्थिती वेगळी होती ती ग्राहकामुळे. प्रकल्पाचे समन्वयक असलेले युलिश केंद्र तिच्या सॉफ्टवेअरचे नित्याचे वापरकर्तेही होते. प्रकल्पात विकसित झालेले वैशिष्ट्य काही वर्षांत चालू यंत्रावर जाई आणि तेथील देखभालीचे काम कंपनीला मिळे. एकाच संस्थेवरील हे अवलंबित्व धोक्याचेही होते, कारण तिचे धोरण बदलले असते तर कंपनीपुढे दुसरा तितका मोठा आधार नव्हता.

धोरण ठरवणाऱ्या मंचांवरही लहान कंपन्यांना स्थान मिळाले. महासंगणनाचा युरोपीय संशोधन-आराखडा ठरवणाऱ्या ईटीपी४एचपीसी या व्यासपीठाच्या संस्थापक सदस्यांत इंटेल, आयबीएम, बुल यांच्या बरोबरीने पारटेक आणि ब्रिटनमधील ॲलिनिया या कंपन्या होत्या.

ॲलिनियाचा मार्ग वेगळा ठरला. समांतर प्रोग्रॅममधील चुका शोधण्याची साधने बनवणारी ही कंपनी क्रेस्टा प्रकल्पात भागीदार होती. डिसेंबर २०१६ मध्ये एआरएमने ती विकत घेतली आणि २०२३ मध्ये तिची साधने लिनारो या संस्थेकडे गेली. साधने टिकली, स्वतंत्र कंपनी टिकली नाही. पारटेकने स्वतंत्र राहून २०२३ मध्ये आपले समभाग शेअर बाजारात नोंदवले.

पेटंटे आणि वाद

सहयोगी प्रकल्पांतील ज्ञानाची मालकी दोन वर्गांत विभागली जाते. भागीदाराने प्रकल्पाच्या आधीपासून बाळगलेले ज्ञान त्याचेच राहते. इतरांना ते केवळ प्रकल्पाच्या कामासाठी ठरलेल्या अटींवर वापरता येते. प्रकल्पादरम्यान निर्माण झालेले फलित ज्याने निर्माण केले त्याच्या मालकीचे होते, युरोपीय आयोगाच्या नव्हे. दोघांनी मिळून निर्माण केलेल्या फलिताची मालकी संयुक्त असते आणि तिचे तपशील भागीदारांमधील करारात ठरवले जातात. सार्वजनिक पैशातून झालेले सर्व संशोधन आपोआप सर्वांचे होते, हा समज त्यामुळे बरोबर नाही.

पारटेकच्या संदर्भात ही विभागणी महत्त्वाची आहे. क्लस्टर आणि बूस्टर यांच्यात गरजेनुसार कामाचे वाटप करण्यासंबंधीच्या तिच्या मूळ पेटंटाचा अर्ज २०१० मधील, म्हणजे डीप प्रकल्प सुरू होण्यापूर्वीचा आहे. त्यानंतरच्या काळात अर्ज केलेली इतर पेटंटेही या कुटुंबात आहेत. कंपनीचे नेतृत्व अनेक वर्षे करणारे बेर्नहार्ड फ्रोविटर हे मुळात पेटंट-वकील असून, सॉफ्टवेअरच्या कामासोबत पेटंटांच्या परवान्यांतून उत्पन्न मिळवणे हा कंपनीच्या व्यवसायाचा उघड भाग आहे.

जून २०२४ मध्ये पारटेकने अमेरिकेतील टेक्सास येथील संघीय न्यायालयात मायक्रोसॉफ्टविरुद्ध, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एकीकृत पेटंट न्यायालयाच्या म्युनिक शाखेत एनव्हिडियाविरुद्ध दावा दाखल केला. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी या कंपन्या वापरत वा विकत असलेल्या महासंगणकांत आपली पेटंट असलेली रचना वापरली गेली आहे, असे पारटेकचे म्हणणे आहे. यातील विसंगती निरीक्षकांच्या नजरेत भरणारी आहे. ज्या एनव्हिडियाविरुद्ध दावा आहे, तिच्याच चिप ज्युपिटरच्या बूस्टरमध्ये आहेत आणि त्या चिपांवर चालणारे काम पारटेकचे सॉफ्टवेअर हाताळते.

अशा पेटंटांविषयी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केले जातात. लहान कंपनीची कल्पना बलाढ्य कंपन्यांनी मोबदला न देता वापरू नये यासाठी पेटंट हेच तिचे एकमेव शस्त्र असते, अशी एक बाजू आहे. सोळा संस्थांनी चार वर्षे खपून, बव्हंशी करदात्यांच्या पैशातून जी रचना व्यवहार्य करून दाखवली, तिच्यावरील शुल्क एकाच कंपनीने गोळा करावे का, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न आहे. कायद्याच्या दृष्टीने येथे निर्णायक ठरते ती पेटंटाच्या दाव्यातील नेमकी शब्दरचना आणि अर्जाची तारीख. कल्पना सिद्ध करण्यासाठी कोणी किती श्रम व पैसा घातला, याची नोंद पेटंटात होत नाही.